चिरफाड नको म्हणणारे डॉक्टर

डॉक्टर बेहेऱ्यांबद्दल कुणी चांगलं बोलायला लागलं की मला उठून दुसऱ्या खोलीत जावंसं वाटतं. आणि लोक त्यांच्याबद्दल चांगलंच बोलतात. यॉर्कशायरमधल्या ज्या खाणीच्या गावात त्यांनी चौतीस वर्षं दवाखाना चालवला, त्या ब्रॅकथॉर्पमध्ये आजही त्यांचं नाव निघालं की म्हाताऱ्या बायकांचा आवाज आपोआप मऊ होतो. 'आमचे डॉक्टर बेरी' म्हणतात त्या. बेहेरे त्यांच्या जिभेवर कधी बसलं नाही. मी त्याच दवाखान्यात रिसेप्शनवर एकोणीस वर्षं काढली. त्यांचं अक्षर, त्यांची सही, त्यांच्या बुटांचा आवाज, सगळं मला पाठ आहे, आणि पाठ आहे म्हणूनच माझ्याकडून त्यांचं कौतुक होत नाही.

आधी गावाबद्दल सांगते, कारण त्याशिवाय डॉक्टर कळायचे नाहीत. मी आठ वर्षांची असताना आम्ही तिथे गेलो. माझे बाबा, नामदेव रामटेके, बल्लारपूरच्या कोळसा खाणीत दिव्यांच्या खोलीत काम करायचे. विलायतेत आले तरी त्यांना दुसरं काही येत नव्हतं, म्हणून इथेही दिव्यांच्या खोलीतच लागले. खाली जाणाऱ्या प्रत्येक माणसाने डोक्यावरचा दिवा घ्यायचा आणि आपल्या नंबरचा पितळी बिल्ला बाबांकडे ठेवायचा, वर आला की दिवा देऊन बिल्ला परत न्यायचा. शिफ्ट संपल्यावर खिळ्यावर एक जरी बिल्ला लटकत राहिला, तरी बाबा घरी येत नसत. आई जेवण झाकून ठेवायची आणि आम्ही खिडकीत बसायचो.

हल्ली अशा गावांच्या आठवणी लोक फार गोड करून सांगतात. बँड होता, एकोपा होता, दारं उघडी असायची. होतं ते सगळं, मी नाही म्हणत नाही. पण मला आधी आठवते ती थुंकी. रस्त्याच्या कडेला, बसच्या थांब्यावर, चॅपलच्या पायऱ्यांवर काळी थुंकी. थंडीत ती गोठायची आणि शाळेत जाताना आम्ही तिच्यावरून उड्या मारायचो. सोमवारी बायका कपडे वाळत घालायच्या आधी वारा कुठून येतो ते बघायच्या, आणि तरीही चादरींवर काळे ठिपके पडायचे. कामगारांच्या पाठीवर निळे व्रण असत, छताला पाठ घासून आत गेलेल्या कोळशाचे. काही म्हातारे पाठ धूतच नसत. पाठ धुतली की कमजोर होते, अशी त्यांची समजूत. शर्ट काढला की दवाखान्यात जो वास सुटायचा तो मला अजून नाकात बोट घालून काढून टाकता येत नाही.

अशा गावात हा माणूस येऊन राहिला. उंच, गोरा, केस चापून बसवलेले, शर्टाचे कफ पांढरेशुभ्र. दवाखान्यात त्यांनी स्वतःच्या खर्चाने दुसरं बेसिन बसवून घेतलं होतं. एकात पेशंट तपासल्यावर हात धुवायचे आणि दुसऱ्यात, ते हात धुतल्यावर, पुन्हा धुवायचे. लाल कार्बोलिक साबण आठवड्याला एक लागायचा. दार कोपराने उघडायचे. एखाद्याच्या घरी व्हिजिटला गेले आणि चहा पुढे आला, तर कपबशी हातात धरून अर्धा तास छान गप्पा मारायचे आणि निघताना ती तशीच, भरलेली, ठेवून यायचे. बायकांना वाटायचं, डॉक्टरांचा आज उपास असेल. आठवड्यातून सात दिवस उपास करणाऱ्या माणसाबद्दल त्यांना केवढा आदर.

मी रिसेप्शनवर लागले तेव्हा अठरा वर्षांची होते. पाकिटं फोडायची, फाइली काढायच्या, टाइप करायचं आणि कफ तपासायच्या झाकणवाल्या डब्या गरम पाण्याने धुवायच्या. डब्या माझ्याकडे का, हे मी कधी विचारलं नाही. नर्स होती की तिथे. डॉक्टर मला म्हणायचे, "सुलभा, तुला सवय आहे." कसली सवय ते त्यांनी सांगितलं नाही आणि बाबांना मी ते कधी सांगितलं नाही.

कारण बाबांचा पेला. गावात मराठी बोलणारी घरं दोनच, डॉक्टरांचं आणि आमचं. गणपतीत डॉक्टरांच्या बायको, कुसुमकाकू, आम्हाला जेवायला बोलवायच्या. आम्ही बौद्ध, पण बाबा जायचे. वर्षातून एक दिवस आपल्या भाषेत जेवावं म्हणायचे. जेवण उत्तम असायचं, काकूंच्या हाताला चव होती आणि मनाने त्या चांगल्या होत्या. पण बाबांसाठी पाण्याचा एक काचेचा पेला खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा. बाकी सगळ्यांना स्टीलचे. डॉक्टर हसून सांगायचे, रामटेके, तुम्ही खाणीतून येता, जंतूंचा प्रश्न असतो. हे जंतू कुठले ते बाबांना ठाऊक होतं. बल्लारपूरलाही ते होतेच. बाबा त्या पेल्यातून पाणी प्यायचे आणि घरी येऊन आईला म्हणायचे, वरण मात्र झकास होतं.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर मी खोटारडी ठरेन. एकदा खाली छत कोसळलं आणि हॅरी नावाचा माणूस मांडीपासून दगडाखाली अडकला. पाय कापल्याशिवाय तो निघणार नव्हता. डॉक्टर गेले. बाबांनी स्वतः त्यांच्या डोक्यावर दिवा बांधला आणि त्यांच्या नावाचा बिल्ला नव्हता म्हणून खडूने पाटीवर नाव लिहिलं. दोन फूट उंचीच्या वाटेतून हा माणूस पोटावर सरपटत गेला, पांढरा शर्ट घालून, आणि चिखलात आडवं पडून त्याने हॅरीचा पाय कापला. बाबांना वर आलेले लोक सांगत होते, सबंध वेळ डॉक्टर हॅरीशी क्रिकेटबद्दल बोलत होते. वर आल्यावर खाणीच्या न्हाणीघरात सगळ्यांबरोबर अंघोळ करा असं लोक म्हणाले तर मात्र ते थांबले नाहीत. गाडीच्या सीटवर वर्तमानपत्र पसरलं आणि तसेच काळेकुट्ट घरी गेले. हॅरी पुढे पंचवीस वर्षं जगला. त्या दिवसापासून गावाने त्यांना देव्हाऱ्यात बसवलं.

जिवंत माणसाला कापणारा हा डॉक्टर मेलेल्याला मात्र कुणाला हात लावू द्यायचा नाही. इथूनच सगळं बिघडलं.

गोष्ट अशी आहे. खाणीत काम केलेला माणूस छातीच्या विकाराने गेला, तर इथला कायदा सांगतो की डॉक्टरने परस्पर मृत्यूचा दाखला द्यायचा नाही. कॉरोनरला, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवायचं. तो पोस्टमॉर्टेम करून घेतो, फुप्फुसं तपासली जातात आणि कोळशाची धूळ सापडली तर दाखल्यावर तसं लिहिलं जातं आणि विधवेला भरपाई मागता येते. सगळ्या गावाला हे माहीत होतं आणि सगळ्या गावाला त्याची धास्ती होती. नवरा गेला त्या दुपारी कुठल्या बाईला वाटेल की त्याला आता टेबलावर घालून फाडावं? अशा वेळी डॉक्टर बेरी यायचे. विधवेचा हात हातात घ्यायचे, ज्या हाताला ते एरवी शिवत नसत, आणि हळू आवाजात सांगायचे की सुरी लागणार नाही, त्याला जसा आहे तसा जाऊ द्या. मग दाखल्यावर लिहायचे, ब्राँकोन्यूमोनिया. दहनाच्या फॉर्मवर दुसऱ्या डॉक्टरची सही लागते, ती शेजारच्या गावातल्या त्यांच्या स्नेह्याची मिळायची. बाई त्यांच्या हातावर डोकं टेकून रडायची. ते घरी जाऊन डोक्यावरून अंघोळ करायचे, जानेवारीतसुद्धा, आणि मगच दवाखान्यात यायचे. ओले केस चापून बसवलेले दिसले की मला कळायचं, कुणीतरी गेलं.

असे किती झाले ते मी मोजलं नाही. मोजायला हवे होते.

त्यांनी असं का केलं याचं कारण मला ठाऊक आहे. एकदा, फक्त एकदा, एका लांबलेल्या दुपारी पेशंट नसताना त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील सांगलीजवळ ट्रकखाली गेले. सरकारी दवाखान्यातून प्रेत परत आलं ते गळ्यापासून बेंबीपर्यंत सुतळीने शिवलेलं. डॉक्टर तेव्हा चौदा वर्षांचे. प्रेताला अंघोळ घालायची वेळ आली तेव्हा पाणी आत शिरायला लागलं. एवढं सांगून ते उठले आणि बेसिनकडे गेले. मलाही त्या क्षणी त्यांच्याबद्दल वाईट वाटलं. पण म्हणून मी त्यांना माफ करावं असं कुणाला वाटत असेल तर वाटो. चौदा वर्षांच्या मुलाची भीती पन्नास वर्षांच्या डॉक्टरने दुसऱ्यांच्या नवऱ्यांवर काढायची नसते. आणि नुसती भीतीही नव्हती ती. कॉरोनरकडे प्रकरण गेलं की खाणवाल्या साहेबांशी वाकडं यायचं, आणि त्या साहेबांबरोबर ते रविवारी गोल्फ खेळायचे. माझ्यापाशी त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: आपण इथे पाहुणे, पाहुण्याने यजमानाच्या घरातली भांडणं उकरायची नसतात.

बाबा एकदा बोलले. गणपतीच्याच जेवणात, ताकभाताच्या वेळी. दिवे परत घेताना बाबा रोज त्या माणसांचा खोकला ऐकायचे. कुणाचा खोकला कधी बदलला हे त्यांना बायकांच्या आधी कळायचं. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, त्यांच्या दाखल्यावर धूळ लिहा. एवढं लिहायला काय जातं?" डॉक्टरांनी पानावरून मान वर केली नाही. "रामटेके, कोळसा उगाळावा तितका काळाच," म्हणाले, आणि काकूंना त्यांनी बाबांना मठ्ठा वाढायला सांगितलं. बाबांनी नको म्हटलं. त्यानंतर आम्ही त्यांच्याकडे गणपतीला गेलो नाही, पण माझी नोकरी चालूच राहिली. बाबांनीच चालू ठेव म्हणून सांगितलं. गावात दुसरी कुठली होती?

मग रॉन. आमच्या भिंतीला भिंत लागून डोरीन आणि रॉन राहायचे. आम्ही आलो त्या पहिल्या हिवाळ्यात चूल कशी पेटवायची हे आईला डोरीनने शिकवलं, खाणाखुणांनी. आईने तिला पोहे शिकवले. तिला मूलबाळ नव्हतं, शाळा सुटल्यावर मी तिच्याच स्वयंपाकघरात असायचे; आपण बाळ म्हणतो तसं ती मला 'लव्ह' म्हणायची. रॉन सत्तावीस वर्षं खाली कोळसा फोडत होता आणि वर आला की गावच्या बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे आखूड पितळी तुतारी, वाजवायचा. कॉर्नेटसाठी दम लागतो म्हणून त्याने जन्मात सिगारेट ओढली नाही. पन्नाशीला त्याला शेवटचा सूर धरवेना. मग तो फक्त बँडच्या वाद्यांना पॉलिश करायला जायचा. मग जिने चढणं थांबलं, म्हणून पलंग खाली पुढच्या खोलीत आणला. भिंतीपलीकडून त्याचा श्वास आम्हाला ऐकू यायचा. रॉकेलच्या स्टोव्हला पंप मारताना येतो तसा आवाज.

हॉस्पिटलमधून त्याच्या एक्सरेचं पत्र आलं ते मीच फोडलं. दोन्ही फुप्फुसांत धूळ, ताबडतोब तज्ज्ञांच्या मंडळाकडे पाठवा, असं स्वच्छ लिहिलं होतं. मी ते डॉक्टरांच्या ट्रेमध्ये सगळ्यात वर ठेवलं. त्यांनी वाचलं, घडी घातली आणि फाइलमध्ये सारलं. मी विचारलं, रॉनला बोलावू का. ते म्हणाले, सांगून काय होणार, उगाच घाबरेल. मी फाइल कपाटात लावली. मला वाटलं, डॉक्टर आहेत, त्यांना कळत असेल. खरं सांगायचं तर असंही वाटलं नाही. मला घरी जायची घाई होती.

चार महिन्यांनी रॉन गेला. डॉक्टर आले, डोरीनचा हात धरला, सुरी नको म्हणाले, ब्राँकोन्यूमोनिया लिहिलं. मी तिथेच उभी होते. डोरीन मला म्हणाली, डॉक्टर नसते तर माझं कसं झालं असतं, लव्ह.

पुढे खाण बंद पडली. खाण गेल्यावर गावाला आपण खाणीचं गाव असल्याची फार आठवण यायला लागली, तसंच होतं. खाणकामगारांच्या वेलफेअर हॉलच्या मागे बाग करायचं ठरलं आणि बागेत एक भिंत, खाणीने घेतलेल्या माणसांच्या नावांची. छत कोसळून गेलेल्यांचा प्रश्न नव्हता. पण धुळीने गेलेल्यांवरून कमिटीत मारामारी व्हायची वेळ आली. कुणीही उठून आपल्या आजोबांचं नाव द्यायला लागलं. शेवटी ठरलं की ज्याच्याबद्दल डॉक्टरने धूळ असं लिहून दिलंय, त्याचंच नाव. डोरीनला दुसरं काही नको होतं. भरपाई नको होती, माफी नको होती. रॉनचं नाव त्या भिंतीवर हवं होतं. त्याचे सगळे सोबती तिथे, आणि तो काय सर्दीने मेला?

ती दवाखान्यात आली तेव्हा डॉक्टरांचं निवृत्तीचं वर्ष होतं. चांगला कोट घालून आली होती, लिपस्टिक लावून. मी फाइल घेऊन आत गेले आणि तिथेच थांबले. तिने सांगितलं, एक ओळ लिहून द्या डॉक्टर, त्याला धूळ होती एवढंच. डॉक्टर फार गोड बोलले. या दमट हवेत ब्राँकायटिस किती सर्रास असतो, शिवाय सिगारेट. तिने सांगितलं, तो ओढत नव्हता. ते म्हणाले, इतरांच्या धुराचाही त्रास होतो. फाइल त्यांच्या हाताखाली बंद होती. त्या फाइलमध्ये काय आहे हे त्या खोलीतल्या दोन माणसांना ठाऊक होतं, आणि दोघंही मराठी बोलणारी.

मग ते माझ्याकडे वळले आणि हसऱ्या चेहऱ्याने, त्याच मऊ आवाजात, मराठीत म्हणाले, "हिला काहीतरी बोलून बाहेर काढ. आता हे सगळं उकरलं तर मी नोकरीतून नव्हे, कोर्टातून रिटायर होईन."

डोरीनने माझ्याकडे बघितलं. "काय म्हणाले गं?"

मी म्हटलं, "त्यांना फार वाईट वाटतंय म्हणाले."

ती उठली. तिने त्यांचे आभार मानले. आभार मानले हो तिने! दार लागल्यावर डॉक्टरांनी फाइलमधून ते पत्र काढलं, चार तुकडे केले, टोपलीत टाकले आणि बेसिनकडे गेले. आधी एका, मग दुसऱ्या. संध्याकाळी टोपली रिकामी करायचं काम माझंच होतं. ते चार तुकडे उचलून पर्समध्ये घालायला मला किती वेळ लागला असता? मी ते कचऱ्यात ओतले. मी हे कुणाला सांगितलं नाही, बाबांनासुद्धा नाही. मला डॉक्टरांची किळस येते असं मी म्हणते तेव्हा ती सगळी त्यांच्याच वाट्याची नसते, हे मला कळतं.

निवृत्तीच्या समारंभाला अख्खं गाव होतं. एका पायाचा हॅरी भाषण करताना रडला. डॉक्टर लंडनमध्ये स्टॅनमोरला मुलाच्या घराजवळ राहायला गेले. बाबा गेले, आई गेली. माझे मिस्टर गेल्यावर मीही क्रॉयडनला मुलीकडे आले. वर्षातून दोनदा ब्रॅकथॉर्पला जाते, डोरीनला भेटायला. ती आता म्हाताऱ्यांसाठीच्या घरांमध्ये राहते, नव्वदीला टेकली आहे. भिंतीचा विषय ती कधी काढत नाही. आम्ही बागेत फिरायला जातो तेव्हा भिंतीच्या बाजूने जात नाही, एवढंच.

गेल्या शिशिरात इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं की कुसुमकाकू गेल्या. काकूंसाठी म्हणून गेले. भुयारी रेल्वेच्या ज्युबिली लाइनने शेवटच्या स्टेशनपर्यंत जाताना मी मनाशी घोकत होते की दहा मिनिटं बसायचं आणि निघायचं. पुढच्या खोलीत चारपाच माणसं बसली होती, आणि मधे डॉक्टर. सुकले होते, पण केस तसेच चापून बसवलेले. मला त्यांनी लगेच ओळखलं. मग आधी जे सांगत होते ते पुढे सांगू लागले.

"ऑपरेशन सक्सेसफुल म्हणाले. तिसऱ्या दिवशी गेली. हार्ट म्हणाले. हार्ट म्हणजे काय? मी त्यांना स्ट्रेट सांगितलं, मला पोस्टमॉर्टेम हवं, फुल पोस्टमॉर्टेम. हा म्हणतो, बाबा, कशाला आता आईला..." त्यांनी मुलाकडे बोट केलं. "अरे, कशाला म्हणजे? मला कळायला नको, ती कशाने गेली?"

लोकांनी माना डोलावल्या.  मी उठून बाहेर जायला हवं होतं, पण काकूंसाठी आले होते. शिवाय काकू तशा जायला नको होत्या, हेही खरं होतं. शेवटची माणसं निघेपर्यंत मी बसून राहिले. मुलगा त्यांना सोडायला गाडीपर्यंत गेला तेव्हा मी म्हटलं, "डॉक्टर, डोरीनलाही कळायला नको का?"

"कोण डोरीन?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. मी सांगितलं, रॉनची बायको. बँडमधला रॉन, कॉर्नेट वाजवायचा तो. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "हो. दोन्ही बाजूंना होती. वरच्या भागात जास्त, उजवीकडे मोठा डाग." ज्या बाईचा हात धरला ती आठवत नव्हती. एक्सरे आठवत होता. मला वाटलं आता हा माणूस त्या काळाबद्दल, पाहुण्यांबद्दल काहीतरी बोलेल, आणि मी तयारच होते. पण त्यांनी लेटरपॅड मागितलं.

इंग्रजीत लिहायला दोन मिनिटं लागली. अक्षर थोडं हललं होतं, बाकी तेच. रॉनला कोळशाच्या धुळीचा विकार होता, हॉस्पिटलचं तसं पत्र मृत्यूच्या चार महिने आधी दवाखान्यात आलं होतं, कॉरोनरला कळवणं माझं कर्तव्य होतं, मी कळवलं नाही. सही, तारीख. त्यांनी विचारलं, "एवढं पुरेल?" मी हो म्हटलं. वीसबावीस वर्षं एक बाई ज्या कागदासाठी भिंत टाळून चालत होती, तो कागद दोन मिनिटांचा होता. मी त्यांच्या पाया पडले नाही.

ते काठी टेकत दारापर्यंत आले. म्हणाले, "मी कुणाचं वाईट केलं नाही, सुलभा. त्यांना चिरू दिलं नाही, एवढंच." मी चपला घालत होते. "गावात सांगशील ना, मी लिहून दिलं म्हणून?" मी फाटकाबाहेर आले तेव्हा ते दारात उभे होते, उत्तराची वाट बघत. ते मला दिसलेले शेवटचे. काकूंचा रिपोर्ट आला की नाही मला माहीत नाही.

पुढच्याच आठवड्यात ब्रॅकथॉर्पला गेले. डोरीनने चष्मा लावला आणि कागद खिडकीपाशी धरून वाचला. 'धूळ' या शब्दाखाली तिने बोट ठेवलं आणि बराच वेळ ठेवलं. मला वाटलं, रडेल. मला वाटलं, मिठी मारेल. हे सगळं मी ट्रेनमध्ये आधीच रंगवून ठेवलं होतं.

"म्हणजे डॉक्टरांना माहीत होतं," ती म्हणाली. मग तिने मला सांगितलं की कमिटीतला एखादा डॉक्टरांना नावं ठेवायचा तेव्हा इतकी वर्षं तीच त्यांच्या बाजूने भांडत आली. बिचाऱ्याला कळलं नसेल, तेव्हा मशिनं कुठे होती, कळलं असतं तर डॉक्टर बेरींनी नक्की सांगितलं असतं, असं.

ती परत वाचायला लागली. या वेळी अगदी सावकाश, ओठ हलवत, आणि मधल्या ओळीवर थांबली.

"हे पत्र दवाखान्यात आलं," ती म्हणाली, "तेव्हा पाकिटं तूच फोडायचीस ना, लव्ह?"

"हो," मी म्हटलं.

तिने कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. गुरुवारी कमिटी आहे, मी स्वतः घेऊन जाईन, म्हणाली. मग चष्मा काढून मांडीवर ठेवला, आणि मी निघेपर्यंत परत लावला नाही.